नंदीची पुढची दोन चाकं

येळवसेच्या सणाला नंदी आपल्या चाकांनी शेतातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत गेला आणि मातीच्या बिंदग्यातली अंबील थेंबभरही सांडली नाही, तर नंदी घरात राहील. नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात, असा निकाल आमच्या घरात मार्गशीर्षातल्या एका सोमवारी लागला. निकाल देणारी माझी बायको कमलम्मा. आरोपी नंदी. वकील मी. आणि माझ्या वकिलीवर या घरात आजवर कुणी सुटलेलं नाही.

नंदी हा बैल नव्हे, गाडी. किल्लारीच्या भूकंपानंतर कुठल्याशा थंड देशातून मदतीचं एक पथक आलं होतं. त्यांनी येताना ही पांढरीशुभ्र गाडी आणली. चारही चाकांना ओढ, आणि आत नऊ माणसं नि एक शेळी आरामात बसेल एवढी जागा. शेळीचं मी उगाच सांगत नाही, प्रयोग करून बघितलेला आहे. पथक परत गेलं, गाडी राहिली, आणि लिलावात ती मला मिळाली. माझ्याशिवाय आणखी एक जण बोली लावायला आला होता. पण तो उजव्या बाजूनं आत चढला आणि स्टेअरिंग कुठं गेलं म्हणून शोधत बसला. ते डावीकडे आहे हे त्याला कळेपर्यंत लिलाव संपला होता.

या तीस वर्षांत नंदीनं काय केलं नाही ते विचारा. मांजरा नदीच्या पुरातून तो एसटीच्या पुढे गेला. मुरुडला चिखलात रुतलेला उसाचा ट्रॅक्टर त्यानं ट्रॉलीसकट ओढून काढला. बाजारासकट ओढला असं म्हणणारीही माणसं आहेत, मी तेवढं म्हणत नाही. हे सगळं झालं ते छोट्या गिअरच्या जोरावर. नंदीला गिअरचे दांडे दोन, एक मोठा, एक छोटा. छोटा मागं ओढला की चारही चाकांना बळ येतं. गाडी पोटातून गुरगुरते, आणि मी शेजारी बसलेल्याकडे हळूच वळून बघतो. त्या माझ्या बघण्यालाच आमच्या घरात 'छोटा गिअर' म्हणतात. जेवताना मी कुणाकडे तसं बघितलं तरी कमलम्मा म्हणते, "टाकला बघा छोटा गिअर."

आता नाव नंदी का, ते. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा कमलम्मा ओवाळायला ताट घेऊन बाहेर आली आणि पुढच्या चाकापाशी तशीच उभी राहिली. पुढच्या दोन्ही चाकांना प्रत्येकी मधोमध मुठीएवढा गोल उंचवटा होता, आणि त्यावर पन्हळीसारखी खाच. मागच्या चाकांना असलं काही नव्हतं. कमलम्मा हळूच म्हणाली, "आवं, ही तर पिंड हाय. शाळुंकेसकट."

आम्ही शिवाची माणसं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. त्यात एकाच गाडीला दोन पिंडी. त्या दिवसापासून दर सोमवारी, दर दसऱ्याला आणि श्रावणात रोज त्या दोन्ही पिंडींना विभूती, गंध, हळद, कुंकू लागत आलं. तीस वर्षांचे थर. पावसानं भिजून, उन्हानं वाळून ते असे घट्ट झाले की मूळचा धातू कुठला नि भक्ती कुठली हे सांगता येत नव्हतं. आमच्या खय्यूम मिस्त्रींनी एकदा पाना हातात घेऊन म्हटलं होतं, "माणिकप्पा, ये ढक्कन के नीचे कुछ तो भी है. खोलके देखूं क्या?" कमलम्मानं सांगितलं, पिंडीला लोखंड लागणार नाही. खय्यूमभाई समंजस माणूस. त्यांनी कानाला हात लावला, आणि पुढच्या खेपेपासून स्वतःच तिथं अगरबत्ती लावून मग कामाला सुरुवात करू लागले.

तर अशा या नंदीवर भंगाराची वेळ आली ती कागदामुळे. गाडीची नोंदणी महिनाअखेरीला संपत होती. नव्यानं करायची तर अर्ज संगणकावर. मी मुलाला, राजशेखरला, शेजारी बसवून अर्ज भरू लागलो. कंपनीचं नाव निवडा म्हणे. यादीत आमची कंपनी नाही. शेवटी 'इतर' होतं, ते निवडलं. लगेच लाल अक्षरात आलं, 'कृपया कंपनीचं नाव निवडा.' आम्ही पुन्हा 'इतर' निवडलं. त्यानं पुन्हा कृपा मागितली. असा सभ्य संवाद दोन तास चालला आणि मग वीज गेली. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो, तर खिडकीतल्या बाई अतिशय गोड बोलल्या. म्हणाल्या, "काका, गाडी लई छान हाय, पण ती संगणकात न्हाई ना." म्हणजे दारात आहे, रस्त्यावर आहे, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत तीस वर्षं खुपते आहे, पण नाही.

त्यात आमचे नवे व्याही. राजशेखरचं लग्न मागच्या वैशाखात नांदेडच्या तनुजाशी झालं. तनुजाचे वडील वीरण्णा हे सेवानिवृत्त मोटार वाहन निरीक्षक. पस्तीस वर्षं गाड्या नापास केलेला माणूस. पाहुण्याच्या घरी चहाचा कप उचलायच्या आधी तो खालून बघतात. लग्नाच्या बैठकीत मी मांजरेच्या पुराची गोष्ट रंगात येऊन सांगितली होती. ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि फक्त "टायर कुठले होते?" एवढंच विचारलं. दिवाळीला आले तेव्हा नंदीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "इवाई, हिला पास करणारा अधिकारी मी तर बघितला न्हाई. भंगारात द्या, सरकार कायतरी सूटबी देतंय."

कमलम्माच्या कानावर हे पडलं. मी म्हटलं, तू पूजा करतेस आणि तूच भंगारात घालतेस? ती म्हणाली, "गणपतीला बी बोळवतेतच की. पिंडी काढून घेऊ, देवघरात ठेवू. बाकीचं देऊ." अंगणात नंदी असल्यामुळे तीस वर्षं तिला वाळवण घालायला जागा नाही, हे त्यामागचं शास्त्र.

मी रात्रभर तळमळलो, असं लिहायची पद्धत आहे. पण मला झोप लागली. सकाळी मात्र दाढी करताना आरशात बघितलं आणि हिशेब मांडला. माझ्या सगळ्या गोष्टींतून नंदी काढला तर उरतो कोण? लातूरच्या गोलाई बाजारात कटपीसचं दुकान चालवलेला माणिकप्पा. त्यानं कुठल्या पुरातून काय काढलं? फार तर छातीभर कापडातून एक बाही जास्त काढली. म्हणून मी गयावया केली, आणि मग तो निकाल लागला.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेळ अमावास्येला सगळं लातूर घराला कुलूप लावून रानात जातं. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडायचे, पुजायचे, आणि मग पालेभाज्या नि हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात नि वर अंबील. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली ही अंबील मातीच्या बिंदग्यात भरून न्यायची. पूजा झाली की ती रानभर शिंपायची आणि उरलेली प्यायची. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवू घालायचं. त्या दिवशी आमच्या भागात उपाशी राहायचं तर माणसाला लपूनच बसावं लागतं.

हातात आठ दिवस होते. नंदीचा रेडिएटर गळत होता. समोरचे सिद्रामप्पा, किराणावाले, सल्ला द्यायला आले. सिद्रामप्पांनी आयुष्यात सायकलही चालवलेली नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला कुठल्याही अनुभवानं बाटलेला नसतो. ते म्हणाले, रेडिएटरमधे हळद टाका, छिद्र बुजतात. हे खरं आहे, ड्रायव्हर लोक चमचाभर टाकतात. सिद्रामप्पांनी प्रेमापोटी दुकानातून किलोभर आणली. मी गाडी चालू केली, सिद्रामप्पा कौतुकानं वाकून बघू लागले, आणि झाकण उडालं. पांढऱ्या धोतर-सदऱ्यातले सिद्रामप्पा नखशिखांत पिवळे झाले. भाजलं नाही, देवाची कृपा; पण त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका त्यांच्या बायकोला विचारू लागल्या की, का हो, या वयात? गळती मात्र थांबली ती थांबलीच.

येळवसेच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस झाला. आमचं रान रेणापूरच्या पुढे, डांबरी रस्त्यावरून दीड किलोमीटर पाणंदीनं आत. आमची काळी माती कोरडी असली की दगड आणि भिजली की गूळ. दोन पावलं चाललं की चपलेला एवढा गोळा लागतो की माणूस वीतभर उंच होतो.

तरी त्या दिवशी सकाळी नऊला नंदी निघाला. मी डाव्या बाजूला स्टेअरिंगवर, मागं कमलम्मा, राजशेखर, तनुजा आणि आमच्या विहीणबाई नीलाबाई. पुढं उजवीकडे वीरण्णा. त्यांच्या नि माझ्या मधे बिंदगं. साऱ्या गाडीत सीटचा पट्टा एकच चालू होता. तो बिंदग्याला बांधला. सेवानिवृत्त मोटार वाहन निरीक्षक बिनपट्ट्याचे बसले आणि रेणापूर येईपर्यंत एकदा बिंदग्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझं बघणं मी पाणंदीसाठी राखून ठेवलं होतं.

पाणंदीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. छोटा दांडा मागं ओढला. नंदी गुरगुरला. मग मी सावकाश वळून व्याह्यांकडे बघितलं. आयुष्यात इतका छान छोटा गिअर मी टाकला नव्हता.

अर्धा किलोमीटर आम्ही राजासारखे गेलो. पुढे ओढ्याच्या उताराशी नंदी एकदा डावीकडे झुकला, एकदा उजवीकडे झुकला आणि बसला. मी रेस केली. तो आणखी बसला. बिंदगं मात्र पट्ट्यात ताठ होतं, एक थेंब हलला नाही.

येळवसेच्या सकाळी पाणंद अडवणं म्हणजे लग्नघराच्या दारात म्हैस बांधणं. दहा मिनिटांत मागं दोन ट्रॅक्टर, चार बैलगाड्या आणि डोक्यावर बिंदगी घेतलेल्या बायकांची रांग लागली. पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंना चर, कुणाला पुढं जाता येईना. मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला चाकाखाली कडबा टाका. टाकला, नंदीनं तो मागच्या ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडावर फेकला. दुसरा म्हणाला हवा कमी करा. केली, नंदी हवा गेलेल्या माणसासारखा आणखी खाली आला. तिसऱ्यानं सगळ्यांना मागून ढकलायला लावलं, आणि त्यात पहिल्या रांगेत कोण, तर सिद्रामप्पा. त्यांचंही रान तिकडेच. आज त्यांनी नवा पांढरा सदरा घातला होता. मी छोट्या गिअरवर जी रेस केली, तिच्यानंतर सिद्रामप्पांना ओळखायला त्यांच्या बायकोला जवळ यावं लागलं. आठवड्यापूर्वी पिवळे होते, आज काळे.

एवढ्यात वीरण्णा उतरले. इस्त्रीची पँट घोट्यापर्यंत दुमडून चिखलातून गाडीच्या पुढं गेले आणि मला हात करून म्हणाले, "एकदा रेस द्या." मी दिली.

"मागची फिरायलीत," ते म्हणाले. "पुढची गप बसलीत."

"पुढची जोर साठवायलीत," मी खिडकीतून सांगितलं.

वीरण्णा डाव्या चाकाशी आले. ते उकिडवे बसले. पस्तीस वर्षांची सवय. बसल्याबरोबर चेहरा बदलला. पुढच्या चाकातल्या पिंडीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बोटानं टकटक केली, तर खापरावर वाजावं तसं वाजलं. ते म्हणाले, "इवाई, खाली या जरा."

मी उतरलो. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की हा हब आहे. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांची ओढ नुसत्या दांड्यानं लागत नाही. खाली उतरून दोन्ही चाकांतली ही खाच हातानं फिरवावी लागते, तेव्हा ती लागते. मी विचारलं, आणि नाही फिरवली तर?

"तर दांडा वढा न्हाई तर भजन म्हणा," वीरण्णा म्हणाले. "तुम्ही तीस वर्षं गाडी दोनच चाकांवर चालवलाव."

पाणंदीत एवढी माणसं, पण त्या क्षणी बैलांनीही शेपट्या हलवायच्या थांबवल्या. माझ्या डोळ्यांपुढून मांजरेचा पूर गेला, मुरुडचा ट्रॅक्टर गेला, ट्रॉली गेली. माझी पावलं चिखलात होती ती आणखी दोन इंच आत गेली.

वीरण्णांनी ट्रॅक्टरवाल्याकडून छिन्नी-हातोडी मागवली. थर फोडायचा, खाच मोकळी करायची, पाच मिनिटांचं काम. छिन्नी आली तशी कमलम्मा गाडीतून उतरली आणि चाकापुढं उभी राहिली. साडी चिखलात, पदर डोक्यावर.

"पिंडीला लोखंड लागायचं न्हाई," ती म्हणाली.

नीलाबाईंनी समजावलं, तनुजानं समजावलं. मी समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आता कुठल्या तोंडानं. मागचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, म्हातारे, ऊन चढायलंय, पांडव उपाशी हायेत. कमलम्मा हलेना. शेवटी वीरण्णाच हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, पिंड पिंडच हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण एवढ्या विभूतीखाली देवबी गुदमरला असंल. लोखंड नगं तर मग हे निघावं कशानं?"

कमलम्मानं थोडा वेळ पिंडीकडे बघितलं, थोडा वेळ माझ्याकडे. माझं तोंड कसं झालं होतं ते मला दिसत नव्हतं, तिला दिसलं. मग ती दार उघडून आत गेली आणि बिंदग्याचा पट्टा सोडला.

तीन दिवस आंबवलेली अंबील. तिनं वाटी भरली, पिंडीवर धार धरली, आणि सगळ्या पाणंदीनं माना वाकवल्या. अंबील थरावर पडली आणि फसफसली. विभूती आणि आंबट ताक यांचं काय वैर आहे कोण जाणे, पण राखेचा थर उकळल्यासारखा बुडबुडे काढू लागला. दुसरी वाटी, तिसरी वाटी. आधी कुंकू वाहिलं, मग हळद, मग मागच्या दसऱ्याचं गंध, मग आमच्या राजशेखरच्या बारशाचं. बायका ओलगे ओलगे म्हणून येळवसेचा गजर करू लागल्या. सातव्या वाटीला धातू चमकला आणि त्यावर इंग्रजी अक्षरं दिसली. वीरण्णांनी वाचलं. खाच होती 'फ्री'वर. फिरवायची होती 'लॉक'कडे. मग दुसऱ्या चाकाला तेवढंच झालं.

"आता फिरवा," वीरण्णा मला म्हणाले. मी हात पुढं केला, तर कमलम्मानं तो बाजूला केला. पदरानं धरून तिनंच दोन्ही पिंडी फिरवल्या. कट असा आवाज आला, तीस वर्षांनी जांभई दिल्यासारखा.

सिद्रामप्पांनी मात्र काळ्या चेहऱ्यानं हरकत घेतली. म्हणाले, अटीत तर अंबील थेंबभर सांडायची नव्हती, इथं अर्धं बिंदगं गेलं. कमलम्मा त्यांच्याकडे वळली. "सांडली कुठं? देवाला घातली."

मी स्टेअरिंगवर बसलो, छोटा दांडा ओढला. या वेळी नंदी गुरगुरला नाही, हंबरला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पुढची चाकं मागच्यांच्या मदतीला आली, आणि चारही चाकांची गाडी किती पळते हे मला ठाऊकच नव्हतं. मी तीस वर्षांच्या सवयीनं जोरात रेस दिली. नंदी खड्ड्यातून निघाला, ओढा चढला, पाणंद संपली तरी थांबला नाही. चिखलानं भरलेले ब्रेक लागेनात. वीरण्णांनी आता बिंदग्याचा पट्टा स्वतःला लावला होता आणि बिंदगं कवटाळून धरलं होतं. आमच्या हरभऱ्याच्या कडेनं, ज्वारीला वळसा घालून नंदी सरळ कोपीच्या दारात शिरला आणि आदल्या दिवशीच मांडून ठेवलेल्या पांडवांपासून वीतभर अंतरावर, पुढची चाकं दुमडल्यासारखी चिखलात रुतवून, थांबला.

मागून सगळी माणसं धावत आली. कोपीत पाच पांडव, आणि त्यांच्यासमोर तोंड करून, कडब्यात मान घालून, पांढरा, चिखलानं माखलेला नंदी.

कमलम्मानं हात जोडले. "नंदी देवाम्होरं बसलाय," ती म्हणाली. "आता त्याला कोण उठवणार?"

भंगाराचा विषय तिथं संपला. पाणंदीत अडकलेली सगळी माणसं आमच्याच रानात जेवली, कारण उशीर झाला होता आणि येळवसेला कुणाला उपाशी सोडता येत नाही. अंबील शेजाऱ्यांनी आपापल्या बिंदग्यांतून घातली. जेवता जेवता नीलाबाईंनी भोळेपणानं विचारलं, "मग दादा, त्या मांजरेच्या पुरात गाडी दोनच चाकांवर होती व्हय?" सगळे जेवायचे थांबले. मी उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि सावकाश वीरण्णांकडे बघितलं.

"तेच तर सांगतोय मी तीस वर्षं," मी म्हणालो. "कुणीबी चार चाकांवर जाईल."

वीरण्णांना ठसका लागला. पण हात धुताना ते म्हणाले, अर्ज मी भरतो. दुसऱ्या दिवशी लातुरात बसून त्यांनीच तो अर्ज भरला. 'इतर' निवडल्यावर खाली एक बारीक रकाना उघडतो, त्यात कंपनीचं नाव लिहायचं असतं. हे खात्यात पस्तीस वर्षं काढल्याशिवाय दिसत नाही. पुढं विचारलं होतं, चारही चाकांना ओढ आहे का. त्यांनी 'होय' लिहिलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटले, "कालपासनं."

आता पिंडींवर थर बसू द्यायचा नाही असं घरात ठरलं आहे. कमलम्मानं ते ऐकलं आणि मानलं. दोन सोमवार नंदीला नुसतं फूल वाहिलं. तिसऱ्या सोमवारी मी सहज मागं गेलो, तर बंपरखाली ट्रेलर अडकवायचा जो गोल लोखंडी गोळा आहे, त्याला विभूतीचे तीन पट्टे, मधे कुंकू, वर एक बेलाचं पान.

मी तसाच परत फिरलो. ट्रेलर माझ्याकडे नाही, आणि येत्या तीस वर्षांत घ्यायचा विचारही नाही.